सदतीस अंश कुठून मोजायचे : एका फायब्रॉइड उपचारातील एमआरआय तापमान-मापनाचे प्रकरण

रुग्ण आणि निर्णय

लालबागच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ४३ वर्षांच्या एक बाई आमच्या रुग्णालयात आल्या, तेव्हा त्यांना दीड वर्षापासून पाळीच्या वेळी अतिशय रक्तस्राव होत होता. हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत उतरले होते आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावे लागत होते. दोन ठिकाणी त्यांना 'पिशवी काढून टाका' असाच सल्ला मिळाला होता. दोन्ही मुले मोठी असल्यामुळे पुढे मूल हवे असण्याचा प्रश्न नव्हता, तरीही त्या शस्त्रक्रियेला तयार नव्हत्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, आणि सहा आठवडे वजन उचलायचे नाही म्हटल्यावर त्यांना उठवून बसवायचे कोणी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

तपासणीत गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत ६.४ सेंटिमीटर व्यासाचे एकच फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची कर्करोग नसलेली गाठ, आढळले. एमआरआयच्या टी-२ पद्धतीच्या चित्रात ते स्नायूसारखे गडद दिसत होते. जपानमधील फुनाकी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात गडद गाठी केंद्रित अल्ट्रासाउंडला, म्हणजे ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून गाठ तापवण्याच्या उपचाराला, चांगला प्रतिसाद देणाऱ्या गटात मोडतात. उजळ गाठींत पाणी आणि रक्तपुरवठा अधिक असल्याने त्या तापवणे अवघड जाते. पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण नव्हता, मूत्राशय भरल्यावर आतडी ध्वनीच्या वाटेतून बाजूला सरकत होती, आणि गाठीच्या मागच्या कडेपासून त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचे हाड, साडेपाच सेंटिमीटर दूर होती. पोटाच्या त्वचेखालील चरबीचा थर २.६ सेंटिमीटर होता. ही संख्या आम्ही पूर्वतपासणीच्या तक्त्यात लिहिली आणि तिच्याकडे फारसे लक्ष न देता पुढे गेलो. स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट आणि वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून मी, अशा तिघांच्या चर्चेनंतर एमआरआयच्या देखरेखीखाली केंद्रित अल्ट्रासाउंडने उपचार करायचे ठरले. गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी या पद्धतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये मान्यता दिली होती. उपचार जुलैत घेतला, तर गणपतीपर्यंत त्या पूर्ववत उभ्या राहतील, असा हिशोब त्यांनी स्वतःच मांडला.

कोनातून तापमान

या उपचारात रुग्ण पालथी झोपते. तिच्या पोटाखाली पाण्याच्या टाकीत बसवलेल्या अनेक ध्वनिस्रोतांच्या लहरी त्वचेतून आत शिरतात आणि गाठीतील तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या जागेत एकवटतात. वाटेतल्या ऊतींमध्ये ऊर्जा पसरलेली असल्याने त्या थोड्याच तापतात. केंद्रबिंदूवर मात्र वीस सेकंदांत तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि तेथील पेशी मरतात. अशा प्रत्येक वीस सेकंदांच्या प्रयोगाला सोनिकेशन म्हणतात; आमच्या विभागात त्याला 'मारा' म्हणतात आणि इथेही मी तोच शब्द वापरणार आहे. एक गाठ संपवायला असे तीस-चाळीस मारे लागतात, आणि दोन माऱ्यांमध्ये वाटेतल्या ऊतींना थंड होऊ द्यावे लागते.

पोटात तापमापक न घालता आतले तापमान कळते, याचे श्रेय पाण्याच्या रेणूला आहे. पाण्यातील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनशी सैल बंध राखून असतो. तापमान वाढले की हे बंध ढिले होतात, स्वतःच्या रेणूतील इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकाला अधिक झाकतात, त्याच्यापर्यंत पोहोचणारे चुंबकीय क्षेत्र किंचित घटते आणि त्याची अनुस्पंदन-वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला ते यंत्राच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देते ती, उतरते. हा उतार दर अंशाला दशलक्षात सुमारे ०.०१ भाग इतका असतो. हिंडमन यांनी १९६६ मध्ये पाण्यातील या बदलाचा अभ्यास केला, आणि इशिहारा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याच्या आधारे एमआरआयवर तापमानाचा नकाशा काढण्याची रीत मांडली. स्नायू असो, गर्भाशय असो वा मेंदू, पाणीदार ऊतींमध्ये हा उतार जवळपास सारखाच राहतो, म्हणून प्रत्येक अवयवासाठी वेगळी मोजपट्टी लागत नाही.

या विद्येचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे आणि तो इथे सांगावासा वाटतो. १९५१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये आर्नॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजनचे तीन वेगवेगळे संकेत उलगडून दाखवले. त्यांपैकी ऑक्सिजनला जोडलेल्या हायड्रोजनचा संकेत तापमानाबरोबर सरकतो, हेही आर्नॉल्ड आणि पॅकार्ड यांनी त्याच वर्षी नोंदवले. या तिघांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाचा अभ्यासगट उभारला. आमच्या पडद्यावरचा रंगीत नकाशा त्या सरकणाऱ्या संकेताच्याच कुळातला आहे.

आमच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्लाचे आहे. त्यावर हायड्रोजनची वारंवारता सुमारे ६४ दशलक्ष हर्ट्झ असते, म्हणजे एका अंशाला बदल होतो तो जेमतेम ०.६४ हर्ट्झचा. संकेत २० मिलिसेकंद मोकळा सोडून वाचला, तर या बदलामुळे त्याची कला, म्हणजे फिरणाऱ्या चक्राचा त्या क्षणीचा कोन, दर अंशाला सुमारे ४.६ अंशांनी मागे पडतो. कलेला आम्ही बोलताना 'फेज'च म्हणतो. ३७ वरून ५७ वर गेलेली ऊती साधारण ९२ अंशांचा कोन दाखवते, आणि तो सहज मोजता येतो.

या पद्धतीची मर्यादा मात्र इथेच आहे. फेज केवळ तापमानाने ठरत नाही. चुंबकाच्या क्षेत्रातील प्रत्येक उंचसखलपणा तिच्यात मिसळलेला असतो. म्हणून मारा सुरू होण्याआधी एक संदर्भ चित्र घ्यायचे आणि पुढच्या प्रत्येक चित्राच्या फेजमधून त्याची फेज वजा करायची. उरतो तो फरक. त्या फरकात ३७ मिळवून पडद्यावर तापमान दाखवले जाते. यातले ३७ हे मोजलेले नसते, मानलेले असते. शिवाय चरबीतील हायड्रोजन कार्बनला जोडलेला असतो, त्याला असे बंधच नसतात, त्यामुळे चरबी कितीही तापली तरी तिची फेज जवळजवळ हलत नाही. या दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या. त्या दिवशी त्या एकमेकींत कशा गुंततील, याचा विचार मी केला नव्हता.

उपचाराचा दिवस

रुग्णाला सकाळी साडेआठला बोलावले होते. रात्रभर पाऊस होता, हिंदमाताला पाणी तुंबले होते, आणि त्या पतीसह सव्वादहाला पोहोचल्या. यंत्र रिकामे राहू नये म्हणून मधल्या वेळेत मेंदूच्या तपासणीसाठी थांबलेल्या एका रुग्णाला आत घेतले गेले. त्या तपासणीत डिफ्युजनची, म्हणजे ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या चित्रांची, लांबलचक मालिका होती. एरवी त्यात गैर काहीच नाही. पण अशा मालिकेत ग्रेडियंट कॉइलमधून, म्हणजे चुंबकाचे क्षेत्र जागेनुसार बदलणाऱ्या वेटोळ्यांतून, दीर्घकाळ मोठे प्रवाह धावतात, त्यांच्या उष्णतेने क्षेत्र समतल करण्यासाठी चुंबकात बसवलेले लोखंडाचे तुकडे तापतात, आणि ते पुन्हा थंड होईपर्यंत मुख्य क्षेत्र अतिशय हळू सरकत राहते. नेहमीच्या चित्रणात हे कोणाला कळतही नाही. आमच्या मोजमापात दशलक्षात ०.१ भागाची सरक म्हणजे दहा अंशांचा आभास.

लघवीची नळी बसवणे, पोटाची त्वचा स्वच्छ करणे, जेलच्या गादीखाली हवेचा एकही बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करणे, हे सगळे नीट पार पडले. वेदनाशामक आणि सौम्य गुंगीचे औषध दिले, पण रुग्ण जागी आणि बोलती राहील इतपतच. हातात थांबवण्याचे बटण दिले. ते दाबले की ध्वनी तत्क्षणी बंद पडतो, कोणाची परवानगी लागत नाही, हे रेडिऑलॉजिस्टनी त्यांना दोनदा सांगितले.

पहिले दोन मारे चाचणीचे होते. कमी शक्तीवर सात-आठ अंशांची वाढ घडवून ती ठरलेल्या जागीच होते आहे का हे पाहिले आणि केंद्रबिंदू दोन मिलिमीटरने सरकवून घेतला. तिसऱ्या माऱ्यापासून खरा उपचार सुरू झाला. गाठीच्या वरच्या, म्हणजे गर्भाशयाच्या टोकाकडील भागात तिसरा ते आठवा असे सहा मारे एकमेकांशेजारी द्यायचे होते. ते जवळजवळ असल्याने मागच्या माऱ्याची उरलेली उष्णता पुढच्यात मिसळणार होती, आणि ती दिसावी म्हणून या सहा माऱ्यांसाठी मी एकच संदर्भ चित्र कायम ठेवले. या निर्णयात मला आजही चूक दिसत नाही.

प्रत्येक माऱ्यात पडद्यावर केंद्राचे तापमान ५८ अंशांवर नेऊन सुमारे तीन सेकंद टिकवायचे, असे ठरले होते. चौथ्यापासून लक्ष्य थोडे लवकर गाठले जाऊ लागले, म्हणून शक्ती दर वेळी जराशी उतरवली गेली. उरलेली उष्णता मदतीला येत असावी, असे आम्ही समजलो. आठव्या माऱ्याच्या शेवटी रेडिऑलॉजिस्टनी नकाशाच्या मागच्या भागाकडे बोट दाखवले. पाठीचे स्नायू आणि त्रिकास्थीलगतचा पट्टा ४२ अंश दाखवत होता.

त्रिकास्थीतून पायाकडे जाणाऱ्या नसा निघतात. हाड ध्वनी फार शोषून घेते, स्वतः तापते आणि लगतच्या नसेला भाजते, म्हणून तिथे पाच अंशांची वाढ दिसणे ही काम थांबवण्याचीच गोष्ट होती. आम्ही थांबलो. रुग्णाला विचारले, "ताई, पायात कळ, मुंग्या, काही जाणवतंय का?" त्यांनी दोन्ही पायांची बोटे हलवून दाखवली आणि नाही म्हणून सांगितले. हा दिलासा होता, पुरावा नव्हता.

पुरावा मिळवण्याचा मार्ग सोपा होता. ध्वनी पूर्ण बंद ठेवून तेच मोजमाप, त्याच संदर्भ चित्रावर, चार मिनिटे चालू ठेवायला मी सांगितले. गाठीतला लाल ठिपका अपेक्षेप्रमाणे मावळत गेला. पाठीचे स्नायू मात्र आणखी दोन अंशांनी 'तापले'. ध्वनी नसताना ऊती तापत नाही, आणि ध्वनीच्या वाटेपासून बाजूला असलेले नितंबाचे स्नायूही त्याच चालीने चढत होते. दर मिनिटाला साधारण अर्धा अंश, सरळ रेषेत, सगळीकडे. हा चुंबकाचा उतार होता. रुग्णाच्या शरीरात त्या जागी काहीही घडलेले नव्हते.

या सगळ्यात अर्धा तास गेला होता. बाहेर संध्याकाळपर्यंतच्या रुग्णांची यादी खोळंबली होती. यापुढे प्रत्येक माऱ्याआधी नवे संदर्भ चित्र घ्यायचे, असे मी सुचवले. एका माऱ्याचे मोजमाप अर्ध्या मिनिटात संपते, तेवढ्यात सरक पाव अंशाच्या पुढे जात नाही, म्हणजे आभास आपोआप मिटतो. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी दोन माऱ्यांमधील विश्रांती ९० सेकंदांवरून ६० सेकंदांवर आणण्याचेही ठरले. वाटेतल्या ऊती नकाशावर स्वच्छ ३७ दाखवत होत्या, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. त्या स्वच्छ ३७ चा अर्थ मी त्या क्षणी विचारात घ्यायला हवा होता. नवे संदर्भ चित्र घेतले की ऊती त्या घटकेला ज्या तापमानाला असेल, त्यालाच यंत्र ३७ म्हणते. पोटाचा स्नायू ४० वर असला तरी त्याची सुरुवात ३७ पासूनच होते. चुंबकाचा खोटा ताप घालवण्याच्या नादात मी ऊतींचा खरा तापही नकाशावरून पुसून टाकला होता.

तेविसावा मारा

नववा ते बाविसावा मारा निर्वेध झाला. तेविसाव्या माऱ्याच्या बाराव्या सेकंदाला ध्वनी थांबला. बटण दाबले गेले होते.

"ताई, काय झालं?"

"सर, चटका बसतोय. आत नाही, वरच. चामडीला."

मी नकाशा पाहिला. गाठीत ५१ अंश, स्नायूत ३८, आणि त्याच्या खाली त्वचेपर्यंतचा चरबीचा पट्टा शांत, निळा. मी खोलीतल्या सहकाऱ्यांना म्हणालो की तिथे काही दिसत नाही, तीन तास पालथे राहून त्या दमल्या असतील. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अर्थशून्य होते. चरबीत काही दिसत नाही, कारण चरबीत या पद्धतीला काही दिसूच शकत नाही. तिथला निळा रंग थंडपणाचा नव्हता, माहिती नसल्याचा होता. रेडिऑलॉजिस्टनी माझे म्हणणे ऐकून घेतले, पण 'त्या चटका म्हणतायत, दमले नाही म्हणत' असे सांगून त्यांनी काम थांबवले आणि सिस्टरना आत पाठवले. जेलच्या गादीलगतची त्वचा गरम होती आणि गुलाबी झाली होती. फोड आलेला नव्हता.

चरबीची फेज हलत नसली तरी तिचा टी-२, म्हणजे संकेत विझण्याचा एक विशिष्ट काळ, तापमानाबरोबर वाढतो. तो वेगाने मोजण्याची मालिका आमच्या यंत्रावर होती, नित्याच्या वापरात नव्हती. ती लावली. तुलनेसाठी सकाळचे मोजमाप हाती नव्हते, म्हणून ध्वनीच्या वाटेत कधीच न आलेली पाठीकडील चरबी प्रमाण धरली. त्याच व्यक्तीची, त्याच क्षणाची, पण न तापलेली. ध्वनीच्या शंकूखालील पोटाच्या चरबीचा टी-२ तिच्यापेक्षा ठळकपणे वाढलेला होता, आणि वाढीचा आकार ध्वनीच्या वाटेशी जुळत होता. याचे अंशांत रूपांतर करण्याचे धाडस मी केले नाही. चरबीची घडण व्यक्तीगणिक बदलते आणि आमच्याकडे तिच्यासाठी तपासलेली मोजपट्टी नव्हती. पण चरबी तापली आहे की नाही, या प्रश्नाला एवढे उत्तर पुरेसे होते.

वीस मिनिटे काहीही केले नाही. चरबी रक्तपुरवठ्याने तुटपुंजी आणि उष्णतेची मंद वाहक असल्याने स्नायूपेक्षा खूप सावकाश निवते. विश्रांतीतले कापलेले तीस सेकंद नेमके तिच्याच वाट्याचे होते. चौदा माऱ्यांमागे सात मिनिटांची निवण्याची संधी आम्ही तिच्याकडून काढून घेतली होती. पंचवीस मिलिमीटरहून जाड थर, जवळजवळचे मारे आणि छोटी विश्रांती, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालतात. एकत्र आल्या की चालत नाहीत.

टी-२ पूर्वपदावर आल्यावर मापनाची रीत बदलली. एक संदर्भ चित्र पुन्हा कायम ठेवले, म्हणजे साचणारी उष्णता दिसत राहील. आणि चुंबकाची सरक घालवण्यासाठी नितंबाच्या, ध्वनीपासून दूर असलेल्या स्नायूत दोन्ही बाजूंना चौकटी आखून तेथील आभासी बदल प्रत्येक चित्रातून वजा करायला लावला. दोन बाजू यासाठी की सरक सगळीकडे सारखीच असेल असे नाही. डावी-उजवीकडे ती थोडी तिरकी असेल तर तोही उतार काढून टाकता यावा. अशा दुरुस्त नकाशावर पहिल्याच माऱ्यानंतर पोटाचा स्नायू किती सावकाश निवतो ते दिसले, आणि विश्रांती तीन मिनिटांवर नेली. ध्वनीचा कोनही बदलला, म्हणजे तोच त्वचेचा भाग पुन्हा वाटेत येऊ नये. एकतिसाव्या माऱ्यानंतर थांबलो. गाठीचा खालचा भाग उपचाराविना राहिला. तो तसा राहील हे रुग्णाला त्याच वेळी सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

दुसऱ्या दिवशीचा हिशोब

उपचार संपताच गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन चित्रण केले. जिथे रक्त पोहोचते तिथे ऊती उजळते, मृत भाग काळा राहतो. गाठीचा ५८ टक्के भाग काळा होता. बेत ८० टक्क्यांचा होता. खालचा भाग जिवंत राहणार हे ठाऊकच होते. न समजणारी गोष्ट वेगळीच होती. गर्भाशयाच्या टोकाकडील भागात, जिथे यंत्राने आखलेली मृत ऊतीची सीमारेषा अखंड होती, तिथे एक उजळ, जिवंत पट्टा शिल्लक होता.

ही सीमारेषा तापमानावरून थेट आखली जात नाही. साप्परेटो आणि ड्युई यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक क्षणाचे तापमान ४३ अंशांवरील समतुल्य मिनिटांत बदलतात आणि ती मिनिटे जमा करतात. ४३ च्या वर एकेक अंश वाढला की मात्रा दुप्पट होते. अशी २४० मिनिटे जमली की ऊती मृत धरली जाते. ५७ अंशांवर एक सेकंद काढला तरी २७३ मिनिटांची मात्रा होते, त्यामुळे केंद्रावर कमी पडण्याचा धोका सहसा नसतो. पण दुप्पट होण्याचा हा नियम चुकीलाही तितकाच लागू पडतो.

साठवलेली फेजची मूळ चित्रे घेऊन मी तिसरा ते आठवा हे मारे नितंबाच्या स्नायूच्या आधारे पुन्हा मोजले. तिसऱ्यात सरक नगण्य होती. चौथ्यात एक अंश, पाचव्यात दोन, सहाव्यात तीन, सातव्यात चार, आठव्यात पाच. पडद्यावर सहाही वेळा ५८ दिसले होते, कारण वाढत्या आभासाबरोबर आम्ही शक्ती उतरवत होतो. प्रत्यक्षात पाचव्यात ५६, सहाव्यात ५५, सातव्यात ५४ आणि आठव्यात ५३ अंश होते. चढत्या-उतरत्या सेकंदांची भर सोडून केवळ शिखरावरचे तीन सेकंद धरले, तर ५८ अंशांची मात्रा १,६३८ मिनिटे होते. ५६ ची ४१० होते, म्हणजे अजून पुरेशी. ५५ ची २०५, ५४ ची १०२, आणि ५३ ची अवघी ५१. नकाशावर रंगाची एखादी छटा बदलावी एवढा हा पाच अंशांचा फरक, आणि मात्रा बत्तीस पटींनी कमी. जिवंत पट्टा सातव्या आणि आठव्या माऱ्याच्या जागी होता, आणि सहाव्याच्या जागेचा काठ अर्धवट उजळलेला होता.

हा ताळा जुळला तेव्हा मला समाधान वाटले आणि ते वाटल्याची टोचणीही लागली. चुंबकाची सरक आम्ही आठव्या माऱ्यानंतर ओळखली होती, तिचा पुढच्या माऱ्यांवरील परिणाम थांबवला होता, पण आधीच दिलेल्या सहा माऱ्यांच्या मात्रेत ती शिरलेली आहे, हे तपासायचे राहून गेले. माझे सगळे लक्ष पाठीच्या स्नायूतील भीतीदायक ४२ वर होते. ते खोटे आहे हे सिद्ध झाल्यावर मी सुटकेचा श्वास घेतला. पण तेच पाच अंश केंद्रबिंदूच्या ५८ मध्येही होते, आणि तिथे ते दिलासा देणारे असल्याने कोणी त्यांच्याकडे संशयाने पाहिले नाही. अर्धा तास थांबलो होतो, तेव्हा हे गणित दहा मिनिटांत झाले असते आणि त्या तीन जागी पुन्हा मारा देता आला असता.

त्याच पद्धतीने नववा ते तेविसावा मारा पुन्हा मोजला, या वेळी एकच संदर्भ आणि सरकेची दुरुस्ती ठेवून. तेविसाव्या माऱ्याच्या सुरुवातीला पोटाचा स्नायू ३७ नव्हे, ४१ अंशांवर होता. बारा सेकंदांत तो आणखी एक अंश चढला. चरबीचा आकडा देता येत नाही, पण तिची स्थिती स्नायूपेक्षा बरी असण्याचे काही कारण नव्हते.

रुग्णाला दुसऱ्या दिवशी घरी सोडताना रेडिऑलॉजिस्ट आणि मी दोघांनी हे सगळे, आकडे बाजूला ठेवून, सांगितले. गाठीच्या वरच्या भागात मोजमापाच्या चुकीमुळे मारा कमी पडला, आणि चटका बसला तेव्हा त्वचेखालचे तापमान आमच्या नकाशाला दिसत नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे मी बटण दाबलं ते बरोबरच होतं ना? मला वाटलं होतं, उगाच दाबलं की काय." त्यांना आदल्या दिवसापासून हीच काळजी होती. त्यांच्या पतींनी पुन्हा उपचार लागेल का, असे विचारले. सहा महिने वाट पाहून ठरवू, असे उत्तर दिले.

त्वचेचा गुलाबीपणा दोन दिवसांत गेला. चौथ्या दिवसापासून त्या घरातली सगळी कामे करू लागल्या. तिसऱ्या महिन्यापासून पाळीचा रक्तस्राव कमी झाला. सहा महिन्यांनी गाठीचे आकारमान १३७ घनसेंटिमीटरवरून ९२ वर आले होते आणि लोहाच्या गोळ्यांसह हिमोग्लोबिन ११.६ झाले होते. वरचा जिवंत पट्टा तसाच होता, वाढलेला नव्हता. दुसऱ्या उपचाराची गरज त्यांना वाटली नाही आणि आम्हालाही वाटली नाही.

आता अशा उपचाराआधी तासभर यंत्रावर डिफ्युजनची मालिका लावत नाही, आणि रुग्णाला उशीर झाला तर मधला वेळ रिकामा जाऊ देतो. पहिल्या माऱ्यापूर्वी पोटाच्या आणि पाठीच्या चरबीचा टी-२ मोजून ठेवतो. विश्रांतीचा काळ कमी करायचा असेल तर चरबीच्या थराची जाडी पुन्हा मोठ्याने वाचावी लागते. या बाईंच्या फाइलमध्ये मृत ऊतीच्या दोन सीमारेषा लावलेल्या आहेत, त्या दिवशी यंत्राने आखलेली आणि दुसऱ्या दिवशी सरक वजा करून आखलेली, आणि दोन्हींखाली सारखेच वाक्य आहे : संदर्भ चित्र किती वाजता घेतले.